आक्कांची चाकवताची वाटी

आक्कांच्या छातीत टिकटिक व्हायची आणि ती घरभर ऐकू यायची. गेल्या थंडीत त्यांच्या हृदयाची एक झडप काढून तिथं धातूची बसवली होती. पंखा आणि टीव्ही बंद असले की स्वयंपाकघरात कणीक मळणाऱ्या अंजनाला ती टिकटिक बाहेरच्या खोलीतून कळायची. पाहुण्यांना वाटायचं, भिंतीवरचं घड्याळ असेल. अंजनाला ठाऊक होतं, की हे घड्याळ बंद पडलं तर त्याला चावी देता येणार नाही.

अंजना सासूला घाबरत नव्हती. ते दिवस गेले. ती सासूसाठी घाबरायची आणि हे घाबरणं जास्त वाईट. सासूला घाबरणारी सून निदान सासू देवळात गेली की मोकळा श्वास घेते. अंजनाला तीही सोय नव्हती. आक्का बस्तीला, म्हणजे पलीकडच्या रस्त्यावरच्या जैन मंदिरात गेल्या, की ही गॅलरीत उभी राहून वाट बघायची.

ही भीती तिच्या डोक्यात डॉक्टर अनुजा मॅडमनी घातली होती आणि ती घालणं भागच होतं. ऑपरेशननंतर त्यांनी अंजनाला समोर बसवून सांगितलं, की रक्त पातळ ठेवायची गोळी आता जन्मभर. रक्त दाट झालं तर झडपेवर गुठळी धरेल. फार पातळ झालं तर आतल्या आत वाहायला लागेल आणि ते डोक्यात वाहिलं तर काही हातात राहणार नाही.

"आणि पालेभाजी," मॅडम म्हणाल्या, "ती ह्या गोळीच्या उलट काम करते. बंद करा म्हणत नाही मी. पण रोज जेवढी खातील तेवढीच. आज टोपलंभर आणि उद्या काहीच नाही, असं चालणार नाही. त्यावर बेतूनच मी गोळी ठरवणार."

कोपऱ्यावरच्या औषधवाल्यानं त्यावर आपलं ज्ञान पाजळलं. उंदीर मारायला घालतात ते औषध ह्याच जातीचं, म्हणाला. अशा माणसांना देवानं जीभ दिली आणि वर दुकानही दिलं. त्या दिवसापासून गोळीच्या डबीला हात लावताना अंजनाची बोटं गार पडायची.

पालेभाजी म्हटली की आक्कांच्या घरात चाकवत. पालक ही त्यांच्या लेखी फ्लॅटमधल्या बायकांची भाजी, दिसायला गोरीगोमटी आणि चवीला कशातच नाही. चाकवत तिचीच चुलत बहीण, पण रानात वाढलेली. कागलकडच्या त्यांच्या माहेरच्या शेतात ती उसाच्या सरीत न पेरता उगवायची. पानांवर पीठ भुरभुरल्यासारखी पांढरी लव. कोवळी पानं शिजवून घोटायची, ताकात ज्वारीचं पीठ कालवून घालायचं, वर जिरं-मिरचीची फोडणी. उरली तर दुसऱ्या दिवशी तीच पिठात मळून थालीपीठ. पोट साफ, डोळे थंड, बाळंतिणीला चांगली, म्हाताऱ्याला चांगली. आक्कांना विचारलं तर चाकवतानं बरी न होणारी गोष्ट एकच, ती म्हणजे माणसाचा स्वभाव.

तेव्हा मॅडमनी सांगितल्यावर अंजनानं रोजची एक वाटी ठरवली. स्टीलची, खोलगट, बुडाला 'अण्णाप्पा' असं आक्कांच्या नवऱ्याचं नाव कोरलेली. ते जाऊन नऊ वर्षं झाली होती, वाटी मात्र नव्यासारखी होती. रोज दुपारी त्याच वाटीनं चाकवत; एक चमचा जास्त नाही, एक चमचा कमी नाही. कागलच्या पुढच्या गावाहून इमामबी पहिल्या एसटीनं यायची आणि डोक्यावर पाटी घेऊन गल्लीत ओरडायची. तिच्याकडून रोज एक पेंढी. सगळा हिवाळा आणि उन्हाळा असा गेला. महिन्याच्या महिन्याला रक्त तपासलं, की त्याच्या पातळपणाचा आकडा हवा तसा, अडीच ते साडेतीनच्या आत. मॅडम खूश, आक्का खूश. अंजना तेवढी डोळ्यांत तेल घालून बसलेली.

आषाढात महिन्याचं रक्त दिलं तेव्हा आकडा साडेतीनला टेकला होता. दवाखान्यातल्या सिस्टरनं फोनवर विचारलं, "नवीन कुठलं औषध? खाण्यात काही बदल?"

"न्हाय," अंजना म्हणाली. "काय बदल न्हाय."

मग तीच गोळी पुढं चालू राहिली.

श्रावण लागून आठवडा झाला होता. सकाळी आक्कांच्या केसांना तेल लावताना अंजनाला त्यांच्या दंडावर डाग दिसला. जांभळाएवढा आणि जांभळाच्याच रंगाचा.

"हे काय, आक्का?"

"दाराला हात लागला आसंल."

"कवा?"

"मला काय ठाऊक? दार काय सांगून लागतंय व्हय?"

अंजनानं बाही वर केली. वर आणखी दोन होते. पाठीवर एक, तळहाताएवढा. आक्का चूळ भरायला उठल्या आणि बेसिनमध्ये पाणी गुलाबी पडलं. त्यांनी घाईघाईनं नळ सोडला, पण अंजनानं बघितलं होतं.

"किती दिवस झालं?"

"दोन-तीन," आक्का म्हणाल्या. "तुला सांगितलं आस्तं तर तू जेवली नस्तीस."

अंजनानं दवाखान्यात फोन लावला. सिस्टरनं ह्या वेळी तीन प्रश्न विचारले. गोळी दोनदा दिली का? नवीन औषध? खाण्यात काही बदल?

"न्हाय, न्हाय, न्हाय," अंजना म्हणाली. तिचा आवाज चढला होता.

"आत्ताच रक्त द्या. रिपोर्ट आला की लगेच मॅडमना कळवा."

लॅबचा माणूस येऊन रक्त घेऊन गेला. सुई टोचल्या जागी कापूस धरला, तर तो वीस मिनिटं भिजतच राहिला. अंजना घड्याळाकडे बघत तो दाबून बसली. नंतर तिनं गोळ्यांची डबी पलंगावर उपडी केली. सोमवारचा खण, मंगळवारचा खण. पाकीट आणलेली तारीख, गेलेले दिवस, उरलेल्या गोळ्या. तिला खात्री वाटत होती, की चूक आपलीच. कधीतरी घाईत आपल्याच हातानं दोन गोळ्या पडल्या असणार. उंदराच्या औषधाच्या दोन गोळ्या, सासूच्या तळहातावर. तिनं तीनदा मोजलं. तिन्ही वेळा बरोबर आलं आणि तिला रडू आलं. चूक सापडली असती तर ती सुधारता तरी आली असती. न सापडणाऱ्या चुकीचं काय करायचं?

नवऱ्याला, अभिनंदनला फोन करून उपयोग नव्हता. तो एमआयडीसीतल्या एका कारखान्यात होता आणि तिथं मोबाइल गेटवरच जमा व्हायचे. तिनं मेसेज टाकून ठेवला.

दुपारी जेवणात दोडक्याची भाजी, आमटी, भाकरी. आक्का नेहमीसारख्या जेवल्या आणि चार वाजता नेहमीसारख्या बस्तीला निघाल्या. अंजनानं दार अडवलं.

"आज नको, आक्का."

"का? रिपोर्ट यायचाय न्हवं? मी हितं बसलो म्हणून त्यो लवकर येणार हाय व्हय?" चातुर्मास चालू होता. बस्तीत रोज प्रवचन, आणि सूर्यास्तानंतर आक्का पाण्याचा थेंब घेत नसत. म्हणून संध्याकाळची सहाची गोळी त्या कुंकवाच्या जुन्या डबीत घालून बरोबर न्यायच्या आणि तिथंच घ्यायच्या. डबी कमरेला खोचून त्या गेल्याही. आपल्या घरात सासू जाते म्हणाली की जाते.

सव्वापाचला लॅबचा फोन आला. "वहिनी, रिपोर्ट घेऊन जाता का? आणि तुमच्या डॉक्टरांना लगेच फोन करा."

राजारामपुरीतली ती लॅब रिक्षानं दहा मिनिटांच्या अंतरावर. काउंटरवरच्या माणसानं कागद सरकवला आणि तिच्या तोंडाकडे बघायचं टाळलं. तीनच्या जागी आठ पूर्णांक सहा होतं. त्याखाली लाल शाईनं दोन रेघा.

अनुजा मॅडमनी पहिल्याच रिंगला फोन उचलला. "आठ पॉइंट सहा? कुठं आहेत त्या? एकट्या? हे बघा, आजची गोळी अजिबात द्यायची नाही. त्यांना आत्ता घेऊन या. आणि पडू देऊ नका. डोकं कशावर नुसतं आपटलं तरी... समजतंय ना? जादा गोळी नक्की गेली नाही? खाण्यात काहीच बदल नाही?"

"न्हाय मॅडम," अंजना म्हणाली. "देवाशपथ काय बदल न्हाय."

ती रस्त्यावर आली. आक्कांचा मोबाइल लावला, तो बंद. प्रवचनात त्या बंद करून बसायच्या. बाहेर बारीक पाऊस. बस्तीच्या पायऱ्या काळ्या गुळगुळीत दगडाच्या, अकरा. त्या अकराही अंजनाच्या डोळ्यांसमोर उभ्या राहिल्या. रिक्षा भरून जात होत्या, एकही थांबत नव्हती.

"वैनी! ओ वैनी!"

पलीकडे प्लॅस्टिक डोक्यावर ओढून इमामबी बसली होती. पुढ्यात पाटी, पाटीत हिरवागार चाकवत, पावसानं पानांवरची लव धुऊन गेलेली.

"आक्का कशी हाय माझी? लई दिस झालं बघितली न्हाय."

"बरी न्हाय, इमामबी. रिक्षा मिळंना." अंजना रस्त्याकडे बघतच बोलत होती. "तुम्ही हितं कशा? गल्लीत येत न्हाईसा?"

"आता आन् गल्लीत?" इमामबी हसली. "वैनी, तुमचा चातुर्मास लागला की माझी बसायची जागा बदलती की. चार म्हैने तुमच्या गल्लीत पाल्याचं पान कोण घेत न्हाय, मग वझं घिऊन हिंडू कशाला? रोज एक पेंढी खाणारी आक्का, तिनंबी त्याच दिवशी बंद केली न्हवं?"

अंजनाचा हात रिक्षासाठी वर केलेला होता, तो तसाच राहिला.

बंद केली. अर्थात बंद केली. पावसाळ्यात पानापानावर जीव असतात, ते पोटात जाऊ नयेत म्हणून आषाढातल्या चतुर्दशीपासून दिवाळीपर्यंत त्या घरात पालेभाजी शिजत नाही. अंजना लग्न होऊन आली तेव्हापासून शिजली नव्हती. तिच्या माहेरीही कधी शिजली नव्हती. त्या दिवशी सकाळी अण्णाप्पांच्या नावाची वाटी तिनं स्वतःच धुऊन, पुसून फडताळात वर ठेवली होती. दरवर्षी पाऊस येतो त्याला कुणी बदल म्हणतं का? तसंच हे. ऑपरेशननंतरचा हा पहिलाच चातुर्मास, हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तोही सासूच्या जिवावर. गोळी तेवढीच राहिली आणि तिला आवरणारा चाकवत निघून गेला. तिला तीनदा विचारलं होतं आणि तीनदा तिनं नाही म्हणून सांगितलं होतं, वर देवाची शपथ घेऊन.

"वैनी, तोंड कसलं पांढरं पडलंय तुमचं?" इमामबी उठली. तिनं काही न विचारता रस्त्याच्या मधोमध जाऊन येणाऱ्या रिक्षापुढं पाटीच आडवी धरली. "थांब रं! माणूस मरायलंय हितं आन् तू हार्न वाजिवतुयास!"

रिक्षात अंजना मॅडमना फोन लावत राहिली, तो व्यस्त लागत राहिला. पाच एक्कावन्न. सिग्नल. पाच चोपन्न. पुढं शाळेची बस वळत होती. ती मनात णमोकार मंत्र म्हणायला लागली आणि दोन ओळींनंतर तिला पुढचे शब्द आठवेनात. लहानपणापासून झोपेतही येणारे शब्द, पण भीतीनं तेही पळवले.

बस्तीत बायकांच्या बाजूला आक्कांची चटई होती. आक्का नव्हत्या.

"मागं गेल्यात, नळाकडं," कुणीतरी म्हणालं. "नाकातनं जरा पाणी यायलंय म्हणाल्या."

अंजना धावली. देवळात धावू नये, मोठ्यानं बोलू नये, हे सगळं मागं पडलं. मागच्या ओवरीत आक्का खांबाला टेकून उभ्या होत्या. पदर नाकाशी. पांढरं लुगडं छातीपर्यंत लाल. पायाखाली ओली फरशी. एका हातात उकळलेल्या पाण्याचा पेला, कुंकवाची डबी उघडी आणि रिकामी.

"आक्का! गोळी कुटं हाय?"

आक्कांनी तोंडाकडे बोट दाखवलं आणि पेला वर केला.

"थुका!" अंजना किंचाळली. प्रवचन थांबलं. "थुका म्हणतो न्हवं! हितं, माझ्या हातावर!"

चौसष्ट वर्षांच्या आयुष्यात आक्का देवळात मोठ्यानं शिंकल्यादेखील नव्हत्या. त्यांनी सुनेच्या डोळ्यांकडे बघितलं आणि तिच्या ओंजळीत गोळी थुंकली. लाळेबरोबर रक्त आलं. अंजनानं मूठ मिटली.

पुढं त्या अकरा पायऱ्या. अंजनानं आक्कांना उभ्यानं उतरू दिलंच नाही. पहिल्या पायरीवर बसवलं आणि लहान पोर उतरतं तसं बसून एकेक पायरी खाली घेतलं. दोघीतिघी बायका दोन्ही बाजूंनी आणि अंजना खाली पाठ करून पुढं, म्हणजे पडल्याच तर आपल्यावर पडतील. प्रत्येक पायरीला ती कान देत होती. टिकटिक चालू होती, पण भरभर.

हॉस्पिटलमध्ये मॅडम दारातच होत्या. सलाइन, इंजेक्शन, डोक्याचा फोटो. अंजना बाकावर बसून राहिली, मूठ मिटलेलीच. फोटोत काही निघालं नाही म्हणून सांगायला मॅडम बाहेर आल्या, तेवढ्यात अभिनंदन कारखान्याच्या कपड्यांतच धावत आला. अंजनानं तोंड उघडायच्या आत मॅडमनी त्याला गाठलं.

"तुम्ही मुलगा ना? घरी खाण्यात काही बदल झालाय का?"

"न्हाय मॅडम," अभिनंदन धापा टाकत म्हणाला. "काय बदल न्हाय. चातुर्मास चालू हाय, दरसालसारखा."

अंजनाला हसू फुटलं आणि हसताहसता ती हमसून रडायला लागली. तिनं तिथंच सगळं सांगितलं. चाकवत, वाटी, चतुर्दशी, तीनदा म्हटलेलं नाही. मॅडम म्हणाल्या, "चूक माझीही आहे. मी बदल विचारला, चातुर्मास विचारला नाही."

दुसऱ्या दिवशी आकडा खाली आला. नाक थांबलं. आक्का उशीला टेकून बसल्या होत्या आणि मॅडम त्यांना समजावून सांगत होत्या, की चाकवतात जे जीवनसत्त्व असतं, तेच कालच्या इंजेक्शनात होतं.

आक्कांचा चेहरा पडला. "म्हंजे सुईनं चाकवत घातलासा व्हय मला? चातुर्मासात?"

"जीव वाचला, आक्का," अभिनंदन म्हणाला.

"त्यो वाचला. नेम मोडला त्याचं काय?" आणि त्या भिंतीकडे तोंड करून झोपल्या.

मॅडमनी अंजनाला बाजूला घेतलं. पालेभाजीशिवायची गोळी आता कमी करून बांधून देते, म्हणाल्या. दिवाळीनंतर चाकवत सुरू केला तर पुन्हा हळूहळू वाढवायची, दर आठवड्याला रक्त तपासायचं. आणि पुढच्या आषाढात परत उलटं. "भाजी खाल्ली काय, सोडली काय, दोन्ही चालेल मला. फक्त कळवत जा. दिवाळीनंतर उलटी भीती असेल, भाजी वाढली आणि गोळी कमी पडली तर झडपेवर गुठळी धरेल."

म्हणजे वर्षातून दोनदा. अंजनानं मान हलवली आणि घरी येऊन कॅलेंडरवर दिवाळीला गोल केला. रक्त वाहण्याची भीती निदान डोळ्यांना दिसायची. डाग दिसायचा, पदर भिजायचा. गुठळी दिसणार नव्हती. टिकटिक थांबली की कळणार. भाद्रपद गेला, नवरात्र गेलं, आणि अंजना कपडे वाळत घालतानाही कान देऊन उभी राहायला लागली. पंखा लावायला तिला भीती वाटायची. दिवाळीची खरेदी करायला नको म्हणायची. आक्का हे सगळं बघत होत्या. आक्कांनी डोळे मिटलेले असले तरी त्या बघत असतात.

दिवाळी झाली. चौथ्या दिवशी सकाळी गल्लीत ओरड आली, "चाकवऽऽत! कवळा चाकवत!"

अंजनाच्या हातातलं उलथणं तव्यावर आपटलं. ती बाहेर येईपर्यंत आक्का दारात पोचल्या होत्या. इमामबी त्यांचा हात धरून त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळत होती. आक्कांनी दोन पेंढ्या घेतल्या, नाकाशी धरल्या, डोळे मिटून वास घेतला. मग उन्हात बसून एकेक पान निवडलं. गॅसपाशी स्वतः उभ्या राहिल्या, घोटलं, ताक-पीठ लावलं, फोडणी दिली. घरभर वास सुटला. अंजना ओट्याला टेकून उभी होती. मॅडमना फोन करायचा होता, उद्यापासून गोळी किती, ते विचारायचं होतं. बोटं गार पडली होती.

तिनं पानं मांडली. फडताळातून अण्णाप्पांच्या नावाची वाटी काढली आणि आक्कांच्या ताटाशी ठेवली.

आक्कांनी ती उचलली आणि ताटाशेजारी पालथी घातली.

"अभिला वाढ. तू घे," त्या म्हणाल्या. "मला दोडकाच दे."

"पण आक्का, चातुर्मास संपला की."

"संपला. देवासाठी चार म्हैने सोडत आलो. ऱ्हायलेले आठ तुझ्यासाठी सोडलो." त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला. "आता कर तुझ्या डॉक्टरणीला फोन. सांग तिला, खाण्यात काय बदल न्हाय म्हणून."

पालथ्या वाटीच्या बुडावरचं नाव उन्हात चमकत होतं. अंजनानं आक्कांना दोडका वाढला आणि मग कितीतरी महिन्यांनी जेवताना पंखा लावला.